मॅडमच्या इंग्रजीची परीक्षा

मॅडमना इंग्रजी येतं की नाही, या प्रश्नावर आमच्या कॉलेजात जवळजवळ सहा महिने बोलणं चाललं होतं. स्टाफरूममध्ये, ऑफिसात, गेटबाहेरच्या चहावाल्याकडेसुद्धा. प्रत्येकाला त्याबद्दल मत होतं. फक्त मॅडमना नव्हतं. त्या म्हणायच्या, "बघू या. मोजल्याशिवाय कसं सांगणार?"

मोजणं त्यांच्या अंगातच होतं. बोईसरच्या त्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि उरलेला वेळ खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, निवट्या मोजायच्या. चिखलावर टुणटुण उड्या मारत चालणारा, डोक्यावर डोळे असलेला तो बोटभर मासा आमच्याकडे कालवणाचा. मॅडम मात्र वीस-बावीस वर्षं त्याची बिळं मोजत होत्या. स्कूटरच्या मागे बांबूची एक चौकोनी चौकट बांधलेली असायची. ती चिखलावर ठेवायची, आतली बिळं मोजायची, वहीत लिहायचं, पुढे सरकायचं. बोईसरच्या नाक्यावर एकाने त्यांना थांबवून फोटोची फ्रेम केवढ्याला म्हणून विचारलं होतं, अशी गोष्ट मुलं सांगायची. खरी होती. त्यांनी त्याला चौकट कशासाठी ते पंधरा मिनिटं समजावलं होतं.

मी तिथे इंग्रजी शिकवायला तासिका तत्त्वावर लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "डब्यात काय आहे?"

"मासे," मी म्हटलं.

"मासे म्हणजे? तुला कोणी 'ए माणसा' म्हणून हाक मारली तर वळशील का तू?"

तेव्हापासून मी मासे म्हटलं नाही. बोंबील म्हटलं, मांदेली म्हटलं, नाव माहीत नसेल तर नाव माहीत नाही म्हटलं. त्यांना हे शेवटचं फार आवडायचं.

त्या तारापूरकडच्या किनाऱ्यावरच्या एका गावातल्या. घरची बोट होती, ती भाऊ चालवायचा. आईने बोईसरच्या बाजारात टोपली घेऊन बसत दोन्ही मुलं वाढवली. मॅडमनी लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर, "वेळेवर ओहोटी नव्हती," म्हणायच्या. प्रात्यक्षिकं त्या वेळापत्रकाप्रमाणे घ्यायच्याच नाहीत. तिथी बघायची, तिच्या आकड्याची पाऊणपट करायची, भरतीची वेळ काढायची आणि त्यावरून ओहोटी. मुलांना निरोप जायचा, उद्या सकाळी साडेसहाला बांधावर या. प्राचार्य सर चिडायचे. मॅडम शांतपणे सांगायच्या, "सर, तुमचं टाइमटेबल मी समुद्राला दाखवलं. त्याने सही नाही केली."

त्यांचं ठेवणीतलं वाक्य मात्र दुसरंच होतं. "बघितलंस का?" कुणी काहीही ठामपणे बोललं की हा प्रश्न यायचा. एकदा एका कार्यक्रमाला आलेले पाहुणे भाषणात निवटी म्हणजे बेडकाचीच एक जात म्हणाले. मॅडम पहिल्या रांगेतून उठल्या. "बघितलीत का तुम्ही?" पाहुणे गडबडले, म्हणाले पुस्तकात वाचलंय. "मग पुस्तकालाच बोलवायला हवं होतं," म्हणून त्या खाली बसल्या. पुढे दोन वर्षं कॉलेजला पाहुणे मिळायला जड गेलं.

तर अशा या बाईंना परदेशातल्या एका विद्यापीठाकडून बोलावणं आलं. तिथला एक प्राध्यापक निवट्यांवरच काम करायचा आणि दोघांचा कितीतरी वर्षं पत्रव्यवहार चालू होता. मॅडमच्या मेल मी पाहिल्या आहेत. चार-पाच शब्दांची वाक्यं, त्यात काय दिसलं, किती दिसलं आणि केव्हा. त्या माणसाला ती फार मोलाची वाटायची. वह्या घेऊन सहा महिने पाहुणी अभ्यासक म्हणून या, असं त्याने कळवलं. पुढच्या वर्षी मॅडम निवृत्त होणार होत्या आणि कॉलेजच्या नावाशिवाय ते विद्यापीठ कुणाला पाहुणं म्हणून घेत नव्हतं. म्हणजे जायचं तर याच वर्षी.

आणि मग त्या विद्यापीठाच्या ऑफिसची मेल आली. येणाऱ्या अभ्यासकाला तिथे काम करण्याइतकं आणि रोजचं जगण्याइतकं इंग्रजी येतं, याचा पुरावा हवा होता. तो तीन प्रकारे देता येत होता. मान्य असलेली परीक्षा द्यायची, नाहीतर आपल्या संस्थेचं पत्र आणायचं, नाहीतर विद्यापीठाने स्वतः मुलाखत घ्यायची. बोलावणाऱ्या प्राध्यापकाचा शब्द चालणार नव्हता.

प्राचार्य सरांनी त्याच दिवशी पत्र टाइप करून घेतलं. सगळं शिक्षण आणि अध्यापन इंग्रजी माध्यमातून, इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व, वगैरे. मी तेव्हा त्यांच्या केबिनमध्ये हजेरीपत्रक द्यायला गेले होते. मॅडमनी पत्र वाचलं आणि टेबलावर परत ठेवलं.

"हे खरं नाही, सर."

"खोटं काय आहे त्यात? बी.एस्सी.चा अभ्यासक्रम इंग्रजीतच आहे."

"अभ्यासक्रम इंग्रजीत आहे. मी शिकवते मराठीत. तुम्ही माझा तास ऐकलाय का कधी?"

"मॅडम, सगळे असंच पत्र देतात. कोण बघायला येतंय?"

"तिथे गेल्यावर बघतीलच ना," मॅडम म्हणाल्या. "मी परीक्षा देते."

त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. सरावलीच्या चाळीत, कारखान्यातल्या कामगाराच्या घरात वाढून मी इंग्रजीत एम.ए. केलेलं, त्यामुळे माझा जरा तोरा होता. मी अशा परीक्षांची पुस्तकं आणली, नेहमी येणारे पन्नास विषय काढले आणि त्यांची सुंदर उत्तरं लिहून दिली. माझं आवडतं ठिकाण. माझा आदर्श. माझ्या स्वप्नातलं घर.

मॅडमनी दोन पानं वाचली. "हे कोणाचं घर आहे?"

"कोणाचं नाही, मॅडम. पाठ करायचं."

"पाठ केलेलं बोलायला मी कशाला जाऊ? पोपट पाठव."

मी खूप समजावलं. परीक्षकाला तुमच्या घराशी देणंघेणं नसतं, त्याला वाक्यं हवी असतात. त्यांनी ऐकून घेतलं, वाचन आणि लेखनाचा अभ्यास मन लावून केला आणि माझी पन्नास उत्तरं प्रयोगशाळेच्या कपाटात खेकड्यांच्या बरण्यांशेजारी ठेवून दिली.

अंधेरीच्या केंद्रात परीक्षा झाली. निकाल आला तेव्हा वाचन, लेखन उत्तम होतं आणि बोलण्यात त्या अर्ध्या गुणाने खाली होत्या. कार्डावर विषय आला होता, तुम्हाला मिळालेल्या एखाद्या आश्चर्यकारक भेटीबद्दल दोन मिनिटं बोला. मॅडम म्हणाल्या, मला अशी भेट मिळालेली नाही. परीक्षक थांबला. मॅडमही थांबल्या. उरलेला वेळ दोघं एकमेकांकडे बघत बसले.

स्टाफरूममध्ये लोक हसले. मीही हसले, हे कबूल केलं पाहिजे. मॅडम हसल्या नाहीत. तिकडच्या प्राध्यापकाने बिचाऱ्याने सुचवलं, वह्या स्कॅन करून पाठवा, आम्ही इथे भाषांतर करून घेऊ, तुमचं नाव लेखात राहीलच.

त्या दिवशी त्या मला बांधावर घेऊन गेल्या. ओहोटी होती, दूरवर चिखलात त्यांची वहिनी आणि गावातल्या आणखी दोघी शिंपल्या काढत होत्या. मॅडम त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "वह्या जाणार आणि मी नाय? वहीला कोणी प्रश्न विचारला तर ती काय बोलणार?" गावची बोली त्यांच्या तोंडात राग आला की यायची.

"मुलाखत मागू या, मॅडम," मी म्हटलं. "तो तिसरा मार्ग आहे. निवट्यांबद्दल विचारतील. ते तर तुम्ही सहज बोलाल."

"निवट्यांबद्दल बोलेन. पण तिकडे कोणी जेवायला बोलावलं तर पूर्ण वेळ काय निवटीवर बोलू? त्यांचं बरोबर हाय. जे बघितलं नाय, त्याबद्दल पण बोलता यायला पाहिजे मला. ते येत नाय."

इतकं सरळ मी स्वतःबद्दल कधी बोलले नव्हते.

विद्यापीठाने कळवलं, मुलाखत दोन महिन्यांनी, व्हिडिओवर, आणि एकदाच. त्यानंतर मॅडमनी जे केलं ते कॉलेजात कोणी केलं नसतं. प्रथम वर्षाच्या वर्गात, सत्तर मुलांसमोर, त्यांनी सांगितलं, "मी इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत नापास झालेय. आता दर शनिवारी एक तास तुम्ही मला इंग्रजीत प्रश्न विचारायचे. कसलेही. मी उत्तर देणार. चुकले तर ह्या मॅडम सांगतील." ह्या मॅडम म्हणजे मी.

पहिल्या शनिवारी कोणी तोंड उघडलं नाही. त्या मुलांनाच इंग्रजीची धास्ती. बरीचशी आसपासच्या गावांतली, काही डोंगराकडच्या पाड्यांवरून येऊन वसतिगृहात राहिलेली. मॅडम खुर्ची वर्गाच्या मधोमध घेऊन तासभर बसून राहिल्या. दुसऱ्या शनिवारी एकाने धीर करून विचारलं, तुमचा आवडता क्रिकेटपटू कोण. मॅडमना एकही माहीत नव्हता. त्या उठून जातील असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "आय डू नॉट नो. यू टेल मी, व्हाय यू लाइक हिम?" आणि तो मुलगा, जो वर्षभरात माझ्या तासाला एक वाक्य बोलला नव्हता, तो पाच मिनिटं मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत राहिला. मी त्याची एकही चूक दुरुस्त केली नाही.

मग शनिवार भरायला लागले. सुट्टीत काय करता? सुट्टी नसते, ओहोटी असते. सिनेमा? एक बघितला, झोप लागली. ही उत्तरं हळूहळू लांबत गेली. कोणता सिनेमा, कोणाबरोबर, झोप का लागली. बोलणं पुढे न्यायचं असतं, हे त्या शिकत होत्या, आणि खोटं न बोलता ते करता येतं, हे मी शिकत होते.

सहाव्या शनिवारी पाड्यावरून आलेली एक मुलगी उठली. नेहमी मागे बसायची. तिने आधी मला मराठीत विचारलं, "मॅडम, भीती का वाटते, ते कसा विचारायचा?" मी सांगितलं. मग ती मॅडमकडे वळून म्हणाली, "मॅडम, व्हाय यू आर अफ्रेड?"

मॅडमनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग त्या इंग्रजीत बोलायला लागल्या. तुटक, थांबत थांबत. बारावीपर्यंत मी मराठीत शिकले, त्या म्हणाल्या. कॉलेजात सगळं इंग्रजी. पहिल्या वर्षी नापास झाले. आईला वाचता येत नव्हतं. तिने मार्कशीट माझ्या हातात दिली, म्हणाली, वाच. मी पास असं वाचलं. तिने आळीत पेढे वाटले. बाजारात सगळ्यांना सांगितलं. मी एक वर्ष त्याच वर्गात परत बसले आणि घरी दुसऱ्या वर्षाला आहे म्हणून सांगत राहिले.

इथे त्यांना शब्द सापडेना. मी सुचवायला पुढे झाले, त्यांनी हाताने थांबवलं.

नोकरी लागल्यावर आईला खरं सांगितलं, त्या पुढे म्हणाल्या. आणि आईचं वाक्य त्यांनी भाषांतर न करता तसंच सांगितलं. "मला माहीत होतं. पास झालेली पोरगी पहाटे चारला उठून रडत वाचत नाय."

"सो," मॅडम म्हणाल्या, "आय कॅन नॉट टेक दॅट लेटर."

त्या पत्राबद्दल मुलांना काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी फळ्याकडे तोंड करून उगाच तो पुसत राहिले.

मुलाखतीचा दिवस आला. तिकडची सकाळ, इकडची संध्याकाळ. खोलीत दुसरं कोणी असता कामा नये, असा नियम होता. सुरुवातीला कॅमेरा फिरवून दाखवावा लागे. मॅडम प्रयोगशाळेत बसल्या. मी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर, आणि शेजारी आमचे शिपाईमामा, बेटेगावचे. दाराच्या वरची झडप उघडी होती, त्यातून आवाज येत होता. मामांना इंग्रजी येत नव्हतं, ते मला कोपराने ढोसत होते.

"काय म्हणतात?"

"काम काय करणार ते विचारतायत. मॅडम सांगतायत." ते उत्तम चाललं होतं. मग एका बाईंचा आवाज आला, भराभर, गिळल्यासारखे उच्चार. पुरावा मागणाऱ्या ऑफिसच्या त्या अधिकारी होत्या.

"प्लीज रिपीट," मॅडम म्हणाल्या.

बाई पुन्हा बोलल्या. "प्लीज रिपीट. स्लोली." तिसऱ्यांदा मॅडमनी तेच म्हटलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. मी त्यांना शंभरदा सांगितलं होतं, एकदा विचारा, दुसऱ्यांदा अंदाजाने उत्तर द्या. त्या म्हणाल्या होत्या, न कळता हो म्हणू?

मग त्या बाईंनी सावकाश विचारलं, आणि तो प्रश्न मलाही नीट ऐकू आला. प्रयोगशाळेत रसायनं असतात, यंत्रं असतात. कोणी सुरक्षेची सूचना दिली आणि तुम्हाला ती समजली नाही, तर तुम्ही काय कराल?

"आय विल से, आय डिड नॉट अंडरस्टँड," मॅडम म्हणाल्या. "टुडे आय सेड इट थ्री टाइम्स."

मग त्या बाईंचं मोकळं हसू ऐकू आलं. मामांनी विचारलं, "हसतात का? चुकलं काय?" मी म्हटलं, "नाही मामा, थांबा जरा."

शेवटी दुसऱ्या एका माणसाने विचारलं, इथे तुम्हाला सगळ्यात अवघड काय जाईल? मी मनात म्हटलं, जेवण म्हणा, थंडी म्हणा. मॅडम म्हणाल्या, "हिअर पीपल नो मी. देअर आय विल बी ओन्ली व्हॉट आय कॅन से."

मामांनी पुन्हा कोपर मारलं. मी त्यांना सांगितलं, त्या म्हणतात, इथे मला सगळे ओळखतात. तिथे मला जेवढं बोलता येईल तेवढीच मी असेन. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "कठीण हाय," ते म्हणाले.

आठ दिवसांनी उत्तर आलं. इंग्रजीची अट पूर्ण. मॅडमनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि प्राचार्य सरांकडे रजेचा अर्ज घेऊन गेल्या. सरांनी सही केली आणि आपलं जुनं पत्र ड्रॉवरमधून काढून स्वतःच फाडलं. हे मी बघितलं आहे.

मॅडम गेल्या, सहा महिने राहिल्या, वह्या घेऊन परत आल्या. लेख आला तो दोघांच्या नावाने, मॅडमचं नाव आधी. त्या निवृत्त झाल्या, पण खाजण सोडलं नाही.

मागच्या हिवाळ्यात त्याच विद्यापीठाचा एक तरुण संशोधक तारापूरला यायचा होता, मॅडमच्या हाताखाली तीन महिने काम करायला. मॅडमनी त्याला कळवलं, आधी आमची भाषा. मला म्हणाल्या, खाजणात त्याच्याबरोबर मी रोज नसणार, शिंपल्या काढणाऱ्या बायका असणार, त्यांनी पाणी चढतंय म्हणून हाक मारली आणि याला कळलं नाही तर? त्यांनी चाळीस शब्दांची यादी पाठवली, स्वतःच्या आवाजात बोलून. तो आला, आणि परीक्षा घ्यायला मॅडमनी वहिनीला बसवलं. "मी बोलावलंय त्याला. बोलावणाऱ्याचा शब्द चालत नाय," त्या म्हणाल्या.

वहिनीने त्याला पहिल्यांदा नापास केलं. सगळे शब्द त्याने बरोबर सांगितले होते. ती म्हणाली, "हा माझ्या तोंडाकडे बघतो तवा समजतं याला. मी पाठ केली की नाय समजत." दहा दिवस तो रोज बायकांबरोबर चिखलात गेला. अकराव्या दिवशी तो बिळावर वाकलेला असताना वहिनीने मागून, बऱ्याच अंतरावरून, नेहमीच्या आवाजात म्हटलं, "पानी चढतंय, वर ये." त्याने हातातलं काम टाकलं आणि बांधाकडे चालायला लागला. वहिनी मॅडमना म्हणाली, "घे याला."

त्याच्या विद्यापीठाला तसं कळवायचं होतं. मसुदा मी इंग्रजीत केला. वहिनीने तिला येत होती तशी सही केली, अक्षरं सुटी सुटी. मग मॅडमनी कागद घेतला, चष्मा लावला, पेन उघडलं आणि माझा एक शब्द खोडला.

"अस्खलित असं लिहिलंयस तू," त्या म्हणाल्या. "एवढं येत नाही त्याला. हाक मारली की समजतं, असं लिही."